‘हाई काय शे?’ : अमूर्त चित्र आणि अर्थाचा प्रश्न

चोपड्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ५६. प्राथमिक शिक्षिका होत्या. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, पाठोपाठ त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मुलगी पुण्याला नोकरीला असते. दिवाळीत ती बारा नळ्यांचा ॲक्रिलिकचा सेट घेऊन आली आणि "आई, काहीही काढ, पण रोज काढ" असं बजावून गेली. चार महिन्यांत अकरा चित्रं झाली. कशाचीच नाहीत, नुसते रंग. आणि अकराही शेवटी चिखलाच्या रंगावर जाऊन थांबली. जाऊबाईंनी त्यातलं एक उचलून विचारलं, "हाई काय शे?" म्हणजे, हे काय आहे? ताईंना सांगता आलं नाही. आता त्या विचारतात : हे नुसतं वेळ घालवणं आहे का? अशा चित्रांतून जगण्याचा अर्थ लागतो असं ऐकलं, ते खरं, की मोठ्या शहरातल्या लोकांचं खूळ? आणि ज्याला आंबासुद्धा धड काढता येत नाही त्याने आधी चित्रकला शिकून घ्यावी का?

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना पोरं बसवली आणि गेली पंचवीसेक वर्षं घरच्या मागच्या खोलीत अमूर्त चित्रं करतोय. त्या जोरावर सांगतो.

ताई, आधी चिखलाचं बोलू. तिथे माझी पूर्ण खात्री आहे. अर्थाचं नंतर, तिथे तेवढी नाही.

समोर बारा नळ्या असल्या की हात बाराही नळ्यांकडे जातो. लाल, पिवळा, निळा ओले असताना एकमेकांत गेले की तपकिरी होणारच. हिरव्यावर लाल घासला, जांभळ्यावर पिवळा घासला, तरी तेच. त्यात विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त सेटमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त. काही नळ्यांत दोन-तीन रंगद्रव्यं आधीच मिसळलेली असतात, म्हणून ते आणखी लवकर मळतात. तुमच्या मनात गोंधळ आहे म्हणून चित्र मळलं, असं कुणी समजावू लागलं तर ऐकू नका. नळ्या जास्त झाल्या, एवढंच झालंय. नऊ नळ्या कपाटात टाका. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना आणि पांढरा, एवढंच बाहेर ठेवा. सेटमध्ये सिएना नसेल तर एक सुटी नळी घ्या. निळा आणि सिएना मिसळले की जवळजवळ काळा होतो, आणि त्यात पांढरा घालत गेलात की राखाडीच्या छटा संपत नाहीत. निळ्याकडे झुकलेली राखाडी पावसाळी आभाळासारखी थंड असते, सिएनाकडे झुकलेली घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट छपरावर, टाकलेल्या खाऱ्या मातीसारखी ऊबदार. महिनाभर एवढंच पुरवा. आणि एक थर पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर दुसरा देऊ नका.

वाळायची आपल्याकडे अडचण नाही, अडचण उलटीच आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा ॲक्रिलिक ब्रशवरच वाळून बसतं. कूलर लावून रंगवायला बसलात तर झोतात रंग आणखी लवकर ओढतो, वर धूळ चिकटते ती वेगळी. उन्हाळ्यात माझं काम पहाटे साडेपाच ते आठ. जवळ पाण्याची फवारणीची बाटली, रंगाच्या ताटलीवर ओलं फडकं. उन्हं अंगणात आली की ब्रश धुऊन टाकायचे, मग मनात कितीही येवो. कागद पातळ असेल तर तो पाण्याने पापडासारखा फुगतो. त्यापेक्षा हार्डबोर्डचे फूटभर बाय फूटभर तुकडे कापून आणा, पांढऱ्या प्रायमरचे दोन हात द्या. हार्डवेअरच्या दुकानातून लांबी (पुट्टी) भरायचा पत्रा आणि एक चार इंची रोलर घ्या. ब्रश हातात आला की माणूस काहीतरी काढायला जातो, फूल, डोंगर, डोळा. पत्रा काढू देत नाही. तो नुसता रंग पसरतो आणि खरवडतो, आणि तुम्हाला सध्या तेच हवं आहे.

ही काही माझी गरिबाची युक्ती नाही. वासुदेव गायतोंडे यांनी रोलर आणि पॅलेट नाइफनेच रंग चढवले आणि उतरवले. जन्म नागपूरचा, १९२४चा. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका. आपल्याकडे अमूर्त म्हटलं की पहिलं नाव त्यांचं येतं, खुद्द त्यांना मात्र ‘अमूर्त’ हा शब्द आवडत नसे. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं करायचे. उरलेला वेळ बघण्यात आणि थांबण्यात. १९८४च्या अपघातानंतर मोठ्या कॅनव्हाससमोर काम करणं कठीण झालं तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान लहान कामं केली. तेव्हा फूटभर बोर्डाला कमी लेखू नका.

आता मुद्द्याचं.

शाळेत मी टेबलावर केळीची फणी ठेवायचो आणि वर्ग ती काढायचा. एखादं पोरगं चुकलं तर मला बोलावं लागत नसे, फणीच त्याला सांगायची. बघ, माझा बाक एवढा नाही; बघ, कडेचं केळं आखूड आहे. चित्र एकदा फणीकडे बघून तपासलं की झालं. अमूर्त चित्रात ही फणी टेबलावरून उचलून नेलेली असते. तुम्ही एक राखाडी पट्टा ओढता. तो जाड झाला की बारीक, इथे हवा की दोन बोटं खाली, हे सांगणारं समोर कुणी नाही. आणि तरी कळतं! पाच मिनिटं नीट बघितलंत की आतून येतं, ‘नाही, हे नाही’. किंवा येतं, ‘हं, असू दे’. हे ‘नाही’ कुठून येतं ते मला पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. पण ते खोटं नसतं, आणि त्याला फसवायला गेलं की चित्र पडतं, एवढं कळलंय. अमूर्त चित्राचा जगण्याशी मी जो संबंध मानतो तो इथे आहे. बाकीचं बरंचसं प्रदर्शनाच्या पत्रिकेतलं बोलणं असतं.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. शाळा होती तेव्हा घंटा सांगत होती आता काय करायचं. घरी यजमानांच्या चहाची, गोळ्यांची वेळ सांगत होती. या दोन्ही फण्या टेबलावरून गेल्या. आता सकाळी उठून जे करायचं ते बरोबर की चूक हे कोण सांगणार, असा तुमचा खरा प्रश्न मला दिसला. चुकत असेन तर सोडून द्या.

या प्रश्नाचा शब्दांत विचार करायचा तर अमळनेर तुमच्यापासून लांब नाही. १९१६ साली प्रताप शेठजींनी तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं; साने गुरुजी तरुणपणी अमळनेरला आले ते आधी तिथेच. तो रस्ता मोठाच आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण शब्दांची एक खोड असते, उत्तरासारखं काही सापडलं की ते थांबतात. रंगाला उत्तर देता येत नाही. तो फार तर ‘अजून थोडं’ म्हणतो, नाहीतर ‘पुरे’.

माझ्यापुरतं एक सांगतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हिवाळ्यात एका विद्यार्थ्याच्या लग्नाला नंदुरबारला गेलो होतो. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लागलेल्या. ज्यांनी पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो : ओली लाल मिरची व्यापारी घेतात आणि मोकळ्या रानात वाळायला पसरतात, नजर जाईल तिथपर्यंत. जवळून बघितलं तर तो एक लाल नसतोच. त्या दिवशी उतरलेली मिरची काळपट आणि चकाकणारी, चार दिवसांची विटकरी, आणि मधूनमधून ऊन लागून पांढरी पडलेली. तोंडाला पदर बांधून बायका देठ खुडत बसलेल्या. मी रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभा राहिलो, ठसका लागून डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा निघालो.

घरी येऊन तीन बोर्ड घेतले. पहिल्यावर बायका आल्या, मागे सातपुडा आला, झालं कॅलेंडर. खरवडून टाकलं. दुसऱ्यावर नुसता लाल दिला, कडेपासून कडेपर्यंत. ते शेंदूर फासलेल्या दगडासारखं बसून राहिलं, काही बोलेना. तिसऱ्यावर खाली सिएना दिला, वाळू दिला. मग पातळ लाल, वाळू दिला. मग त्यात थोडा निळा घालून काळपटलेला लाल. असे आठ-नऊ थर चढले, आठवडा गेला. शेवटचा थर ओला असताना पत्र्याची कड वरून खाली ओढली, सरळ, न थांबता. लाल बाजूला झाला आणि तळचा मातीचा रंग बोटभर रुंदीने उघडा पडला. आणि आतून आलं, ‘हं’.

पथारीत मिरची तुडवली जाऊ नये म्हणून मध्ये चालायला मातीची चिंचोळी पट्टी सोडतात. अर्धा तास मी लाल बघत होतो अशी माझी समजूत होती. डोक्यात राहिली होती ती पट्टी. का, ते कळेना. त्या हिवाळ्यात मी आणखी पाच चित्रं केली. एक निळं केलं, एक जवळजवळ पांढरं. पाचांतही ती पट्टी आली. मुद्दाम टाळून बघितलं तर चित्र उभं राहीना.

होळीच्या सुमारास आई गावाहून आली. अक्षरओळख नाही, जन्म शेतात गेलेला. सहाही चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. दारातच उभी राहिली, लाल चित्राकडे बघितलं आणि म्हणाली, "हाऊ ते आपला बांध शे."

मी हसलो. मग हसू थांबलं. थोरल्या भावाचा आणि माझा वाटणीवरून वाद चालू होता. त्याने बांध कोरला असं मी म्हणत होतो, मीच कोरला असं तो. दोन वर्षं बोलणं बंद. आई गेली झोपायला, मी त्या चित्रासमोर बसून राहिलो. तेव्हा दिसलं की पट्टीच्या दोन्ही बाजूंचा लाल एकच आहे. तेच थर, तोच हात. मीच चढवलेला, पण बघितला नव्हता. हे आईने सांगितलं नाही. तिने फक्त बांध म्हटलं, पुढचं चित्राने सांगितलं.

भाऊ आणि मी दुसऱ्या दिवशी गळ्यात पडलो असं काही झालं नाही. भाऊबंदकी चित्राने मिटत नसते. सरकारी मोजणी झाली, खर्च निम्मा-निम्मा दिला. मात्र मोजणीच्या दिवशी वकिलाला न पाठवता मी स्वतः गेलो, आणि दुपारची भाकरी भावाच्या खळ्यात खाल्ली. चित्र नसतं तर गेलो नसतो, असं मला वाटतं. शपथेवर सांगू शकत नाही.

यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की मी जर ‘भाऊबंदकी’ हा विषय ठरवून बसलो असतो, तर तडा गेलेली भिंत काढली असती, किंवा दोन भागांत फाटलेलं हृदय. इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रासारखं काहीतरी. तेव्हा ‘एकटेपण’, ‘शांती’, ‘आयुष्याचा प्रवास’ असली नावं आधी ठरवून बोर्डासमोर बसू नका. तसंच ते रंगांचे अर्थ सांगणारे तक्ते, लाल म्हणजे राग, पांढरा म्हणजे शांती, ते फेकून द्या. आपल्याकडे लाल म्हणजे मिरची असते आणि कुंकू असतं. आणि दिवाळीनंतर शेतात पांढरं शुभ्र दिसतं तो कापूस असतो, भाव मिळाला तर पैसा, नाही मिळाला तर कर्ज. त्याला शांती कोण म्हणेल? तुमच्यासाठी पांढरा काय आहे ते तुम्हाला रंगवताना कळेल, तक्त्यावरून नाही.

मग सुरुवात कशी करायची? एलिमेंटरीला एक पेपर असायचा, स्मरणचित्र. तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला माहीत असेलच. मी तोच थोडा वाकवून वापरतो. एखादी जागा वीस मिनिटं बघायची. तुमच्याकडे अनेर नदीचं पात्र आहे, संध्याकाळी निळी पडत जाणारी सातपुड्याची ओळ आहे, केळीच्या बागेतला तो पाचोळ्याचा तपकिरी अंधार आहे. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. त्या दिवशी रंगवायचंही नाही. एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. सकाळपर्यंत बहुतेक सगळं गळून पडलेलं असतं आणि एखादीच गोष्ट उरते : एक कड, किंवा गडद-फिक्याचं एक प्रमाण, किंवा काहीतरी डावीकडे झुकल्याची जाणीव. तेवढंच बोर्डावर ठेवायचं. बाकी आठवायची खटपट करायची नाही. मोंद्रियान नावाचा डच चित्रकार १९०८च्या सुमारास झाड काढत होता, चक्क फांद्यांचं झाड. चार-पाच वर्षं तो तेच झाड गाळत राहिला, आणि १९१२पर्यंत त्यात झाड शोधावं लागेल इतक्या नुसत्या वळणदार रेषा उरल्या. त्याने झाड सोडलं नव्हतं. झाडातलं जे जाता जात नव्हतं ते ठेवलं होतं.

हात अडत असेल तर लहानपणी जमीन सारवलीत ती आठवा. शेणाचा तो अर्धगोल मनगटातून येत नाही, खांद्यातून येतो, आणि प्रत्येक अर्धगोल आधीच्या अर्धगोलाला धरून पडतो. आमच्या पिढीतल्या बायकांना ही लय अंगात असते, कला महाविद्यालयातल्या पोरांना ती दोन-दोन वर्षं शिकवावी लागते. बोर्ड टेबलावर नाही, जमिनीवर ठेवा आणि पत्रा तसा फिरवून बघा. गुडघे दुखत असतील तर पाटावर बसा.

थांबायचं कधी, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमची अकरा चित्रं तिथेच बिघडली असणार. ‘अजून थोडं’चा मोह. माझा नियम साधा आहे. हात शिवशिवतोय असं वाटलं की चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, आठवडाभर. मग सकाळी चहाच्या आधी, डोळे ताजे असताना, उलटं करून बघायचं. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून बघितला तर गडद-फिक्याचा तोल लगेच कळतो. इथे मात्र मोबाइलला परवानगी आहे. असं उलटं-आडवं बघण्याची महती कांदिन्स्की या रशियन चित्रकाराने लिहून ठेवली आहे. म्युनिकमध्ये एका संध्याकाळी तो बाहेरून काम करून आला तर खोलीत एक अनोळखी, अतिशय सुंदर चित्र दिसलं, कशाचं ते ओळखू येईना. जवळ गेला तर त्याचंच चित्र, आडवं टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी उजेडात तो परिणाम पुन्हा साधला नाही, कारण आता त्यातल्या वस्तू ओळखू येत होत्या. माझं एक चित्र एका कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर तीन वर्षं उलटं टांगलेलं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा तक्रार करायला निघालो होतो. मग पाहिलं, बरं दिसत होतं. तसंच राहू दिलं.

आंबा येत नसेल तर? गायतोंडे असोत की रझा, सगळे आधी रीतसर शिकलेले. सैयद हैदर रझांनी कितीतरी वर्षं निसर्गचित्रं केली, पुढे फ्रान्समध्ये राहून ते बिंदूपाशी आले. तो बिंदूही त्यांच्या लहानपणच्या शाळेतला, चंचल पोराचं मन थाऱ्यावर यावं म्हणून मास्तरांनी भिंतीवर काढून दिलेला. म्हणजे शिकण्याला पर्याय नाही, जर तुम्हाला चित्रकार व्हायचं असेल तर. तुम्हाला आज ते करायचं नाही. तेव्हा आंबा राहू द्या. दोन गोष्टी मात्र डोळ्याला शिकवा, गडद-फिकं आणि कड. दोन रंग जिथे भेटतात तिथे ते एकमेकांना कापतात की एकमेकांत मुरतात, हे प्रत्येक चित्रात बघत चला. दोनेक वर्षांनी तुम्हालाच आंबा काढावासा वाटेल. तेव्हा शिका, तेव्हा तो लवकर येईल.

रंग ओतून बोर्ड हलवायचा, दोन तासांत घरी न्यायचं चित्र, अशा कार्यशाळा आता तालुक्याच्या गावीही होतात. मजा म्हणून जा. तिथे निर्णय रंग घेतो, तुम्ही नाही. म्हणून माझ्या लेखी त्याचा या विषयाशी संबंध नाही.

जाऊबाईंचं राहिलं. हिल्मा आफ क्लिंट नावाची एक स्वीडिश बाई होती. कांदिन्स्कीच्या आधी, १९०६ पासून, ती मोठमोठी अमूर्त चित्रं करत होती. आपल्या मरणानंतर वीस वर्षं ती कुणाला दाखवू नका, असं तिने सांगून ठेवलं. १९४४ मध्ये ती गेली. २०१८-१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तिचं प्रदर्शन लागलं तेव्हा सहा लाखांवर लोक बघून गेले. लोकांचं मत इतकी वर्षं थांबवून ठेवायची ताकद माझ्यात नाही, तुमच्यातही बहुधा नसेल. आणि ते बरंही नाही. आपल्या चाळीसगावचे केकी मूस स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला बंद करून राहिले. फोटोग्राफी केली, चित्रं केली, शिल्पं केली, १९८९ मध्ये तिथेच गेले. प्रेयसी रेल्वेने येणार म्हणून रोज रात्री ते दार उघडं ठेवत, अशी दंतकथा आहे. काम बघून मी थक्क होतो; त्या घरातून बाहेर आलो की रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज ऐकून बरंही वाटतं. तुम्हाला तसं दार लावून घ्यायची गरज नाही. जाऊबाईंनी पुन्हा विचारलं, हाई काय शे, तर खरं ते सांगा : "मलाही अजून माहीत नाही. तुम्हाला काय दिसतं?" आणि त्या काय म्हणतात ते ऐका. हसतील, कदाचित एखादा नेमका शब्द टाकून जातील. माझ्या आईने टाकला तसा. व्हॉट्सॲप स्टेटसला मात्र चित्रं टाकू नका. तिथे अंगठे येतात, शब्द येत नाहीत.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर चित्राच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. चित्र माणसाला तारून नेतं ही समजूत मार्क रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराकडे बघितल्यावर टिकत नाही. त्याच्या त्या गडद, श्वास घेतल्यासारख्या चित्रांसमोर लोक रडतात. ह्यूस्टनला केवळ त्याच्या चौदा चित्रांसाठी प्रार्थनागृह बांधलं गेलं, १९७१ मध्ये ते उघडलं. ते बघायला तो नव्हता. आदल्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं होतं. रंग आणि औषध या दोन वेगळ्या बाटल्या आहेत, दोन्ही घरात असू शकतात.

तेव्हा तीन रंग, फूटभर बोर्ड, पहाटेची वेळ. जूनपर्यंत दहा-बारा बोर्ड होतील. त्यातले दोन-तीन उभे राहतील, बाकीच्यांवर प्रायमर मारून पुन्हा वापरा. पहिली अकरा फेकू नका. त्या चिखलावर आता पातळ पांढरा थर देऊन पत्र्याने खरवडलंत तर खालून काय काय निघेल बघा.

आणि मग एकदा अजिंठ्याला जा. जिल्ह्याची हद्द ओलांडली की लेणी, जळगावहून साठेक किलोमीटर. शाळेच्या सहलीबरोबर बहुतेक जाऊन आला असाल, पोरं मोजण्यात वेळ गेला असेल. या वेळी पहिल्या लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणीचं चित्र बघून झालं की त्याच्या आजूबाजूच्या भिंतीकडे बघा, जिथे गिलावा पडलाय तिथे. आधी कातळ, त्यावर भुसा-काडी घातलेली माती, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग रंग : गेरू, पिवळी माती, काजळी, आणि थोडा निळा, तो अफगाणिस्तानातून आलेल्या दगडाचा. तुमच्या नळीतला अल्ट्रामरीन त्याच दगडाच्या रंगाची नक्कल आहे. तिथे चित्र संपून भिंत सुरू होते ती कड सापडेल, तिच्यासमोर वीस मिनिटं थांबा. पाऊस पडून लेण्यांखालची वाघूर नदी वाहायला लागली की जायला बरं. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.